वरातीची घोडी पावसाळ्यात का मरते: परभणी जिल्ह्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं. गावाचं, मालकाचं, बॅण्डवाल्याचं नाव देत नाही, माणूस अजून तिथंच राहतोय आणि त्याच्या नावानं परत व्हिडिओ फिरावेत अशी आमची इच्छा नाही. बाकी सगळं जसं झालं तसं लिहितोय. कारण दर लग्नसराईत कुठून तरी वरातीच्या घोडीला चाबकानं मारतानाचा व्हिडिओ येतो, दोन दिवस सगळे पेटतात, स्टेटस ठेवतात, विषय संपतो. आणि घोडी खरंच मरायला टेकते ती भलत्याच वेळी, लग्न नसतात तेव्हा, जेव्हा तिच्याकडं बघायला कोणी नसतं.

आमचा गावातल्या पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, कामं बहुतेक कुत्र्यांची आणि सापांची. पोळा होऊन आठवडा झाला असेल, मेसेज आला की बायपासला धाब्याच्या मागं पांढरी घोडी उभी आहे, मरायला लागलीय. लोक म्हणत होते मोकाट फिरतेय, पण ती फिरत नव्हतीच, एका जागी मान खाली टाकून उभी होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, कमरेची दोन्ही हाडं वर आलेली, शेपटीच्या बाजूला खड्डे. नुकरी होती, म्हणजे पांढरे केस आणि खाली गुलाबी कातडी, त्यामुळं नाकपुडीच्या वर आणि डोळ्यांभोवती उन्हानं सोललेलं. तंगाच्या जागी, म्हणजे पोटाखालून पट्टा आवळतात तिथं, तळहाताएवढी जखम आणि जखमेत अळ्या.

आणि चमत्कारिक गोष्ट अशी की ती गुडघाभर हिरव्या गवतात उभी होती. त्या पावसाळ्यात पाऊस बरा झालेला, बांधाबांधाला हराळी, नाल्याच्या कडेनं घोळ, शिप्पी, काय पाहिजे ते. इतकं हिरवं समोर असताना जनावर उपाशी कसं? हा प्रश्न पहिल्या दिवशी कोणालाच पडला नाही, सगळ्यांचा राग मालकावर होता. त्या प्रश्नाचं उत्तर सापडलं तेव्हा प्रकरण उलगडलं, पण ते नंतर.

आधी गर्दीबद्दल. आम्ही पोचायच्या आत लोकांनी खायला आणायला सुरुवात केली होती. कोणी केळी, कोणी ब्रेडचा पुडा, धाब्यावाल्यानं रात्रीच्या उरलेल्या रोट्या, आणि एक भला माणूस तर दुकानातून गहू-मक्याच्या भरड्याची अर्धी गोणी घेऊन आला, त्यात गूळ कालवलेला. सगळे मनापासून करत होते. पण कित्येक आठवडे उपाशी राहिलेल्या घोड्याला असं पिठूळ-गोड खाणं एकदम घातलं तर ते खाणंच त्याला मारतं. उपाशी शरीर स्वतःची चरबी आणि मांस जाळून चाललेलं असतं, त्यात एकदम स्टार्च-साखर आली की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम, पोटॅशियम पेशींमध्ये ओढलं जातं, आणि हृदय, श्वास, नसा सगळंच कोलमडतं. हे लगेच होत नाही, खायला सुरू केल्यावर तीन ते दहा दिवसांत होतं, म्हणून लोकांना वाटतं आम्ही तर खाऊ घातलं होतं, बिचारीचं नशीबच खोटं. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही, जे पोटात गेलं ते पुढंच जाणार, त्यामुळं पोटशूळ झाला तर तो जीवावर बेततो. त्या भरडावाल्या काकांना समजवायला जेवढा वेळ गेला तेवढा पुढं पोलीस स्टेशनलाही गेला नाही. ते चिडलेच. म्हणले, ‘उपाशी जनावराच्या तोंडचा घास काढता, तुम्ही कसले प्राणीमित्र?’ शेवटी पाण्याची बादली त्यांच्याच हातात दिली, तेव्हा शांत झाले.

१९६२ ला फोन लावला. हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री नंबर, लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाडी आली, नंतर तालुक्याचे सरकारी डॉक्टर पण आले. तपासणी नीट लिहून घेतली, कारण पुढं कागदच कामाला येतो.

जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून मोजलं तर मिनिटाला ६० च्या वर. उभ्या असलेल्या शांत घोड्याची २८ ते ४४ असते. मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, म्हणजे अंगात पाणी नाही. हिरड्या फिक्या. वजनकाटा कुठून आणणार, डॉक्टरांनी शिंप्याचा टेप मागवला. छातीचा घेर १४५ सेंटीमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १४०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, येतं ते किलोत वजन. अडीचशेला थोडं कमी आलं. त्या हाडापेराची घोडी साडेतीनशेच्या आसपास पाहिजे. घोड्याची तब्येत मोजायची १ ते ९ अशी एक पट्टी आहे, हेन्नेके नावाच्या माणसानं १९८३ मध्ये बसवलेली, मान, खांदा, बरगड्या, पाठ, शेपटीचं मूळ हे हातानं चाचपून आकडा द्यायचा. डॉक्टरांनी २ लिहिला. ‘घोडी अशक्त दिसते’ असं लिहिणं वेगळं आणि असा आकडा लिहिणं वेगळं, दुसऱ्याला कोणी उडवून लावू शकत नाही. तुमच्यावर वेळ आली तर डॉक्टरांना आकडाच मागा.

मग तोंड उघडलं.

ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना जुने वण, एकावर एक, कडक झालेले. जिभेवर आडवी खाच. दात नसतात ती खालच्या जबड्याची मोकळी जागा, जिथं लगामाची सळई बसते, तिथं हाडापर्यंत गेलेली जखम, अर्धी भरलेली, वास मारणारी. हे काट्याच्या लगामाचं काम. साध्या लगामाची सळई गुळगुळीत असते, ह्याला टोकं असतात, ओढलं की टोचतं, टोचलं की घोडी मान वर काढून पाय उचलते, आणि वरातीतल्या लोकांना वाटतं काय मस्त नाचतेय. आणि आतल्या दाढा. घोड्याच्या दाढा आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात आणि चावून चावून झिजतात, पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळं कडा नीट झिजत नाहीत, वरच्या दाढांची बाहेरची बाजू आणि खालच्यांची आतली बाजू सुरीसारखी होते. दात बघून घोडीचं वय चौदाच्या आसपास निघालं, आणि चौदा वर्षांत त्या दाढांना कधी कानस लागलेली नव्हती. गालाच्या आतून कापलेलं, जीभ बाजूनं कापलेली.

हिरव्या गवतात उपाशी कशी, त्याचं हे उत्तर. खाता येत नव्हतं. गवत तोंडात घ्यायची, दोन-चारदा फिरवायची आणि ओला गोळा करून टाकून द्यायची. ती उभी होती तिथं असे गोळे पायाजवळ पडलेले होते, आम्ही ते बघूनही पाहिले नव्हते, डॉक्टरांनी बुटानं उलगडून दाखवले. म्हणजे जखम एप्रिल-मेच्या लग्नसराईतली आणि मरण भाद्रपदातलं. मध्ये चार महिने कोणी तोंड उघडून बघितलं नाही, एवढंच.

मालक शोधायला वेळ लागला नाही, गावात वरातीची घोडी ठेवणारे तीनच. घरी गेलो तर म्हातारा माणूस, गुडघ्याला पट्टा बांधलेला. आमच्यातल्या पोरांना भांडायचंच होतं, पण त्यांनी आधी पाणी विचारलं, मग बसायला बाज टाकली, त्यामुळं भांडणाची हवाच गेली.

मामांच्या (मालकांना आम्ही मामाच म्हणतो) वडलांचा टांगा होता. स्टेशन ते मोंढा, मोंढा ते बसस्टँड. ऑटो आले आणि टांगा बसला, मग मामांनी घोडी वरातीला लावली. आता मुलगाच सगळं बघायचा, तो उन्हाळ्यानंतर चाकणला कंपनीत लागला. आषाढी एकादशी झाली की मुहूर्त बंद, ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. चार महिने घोडीचा एक रुपया येत नाही आणि खाणं रोजचं. मामा म्हणले, ‘लेकरू गेलं पुण्याकडं, माझ्यानं गवत कापणं व्हईना. घरी सोयाबीनचं भुस्कट होतं तेच टाकत होतो. ते बी खाईना. म्हणलं बांधून मरण्यापेक्षा सोडून द्यावं, चार ठिकाणी तोंड मारून जगल तरी.’

सोडून देण्यामागं दुष्टपणा नव्हता, त्यांच्या हिशोबानं ती घोडीला दिलेली सवलत होती. मला हे पटत नाही, कायद्यालाही पटत नाही, पण ते समजून घेतल्याशिवाय पुढची एकही गोष्ट झाली नसती. विकली का नाही विचारलं तर म्हणले मागच्या वर्षी माळेगावला नेली होती. लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा, मार्गशीर्षात भरते, घोड्यांचा आणि गाढवांचा मोठा बाजार. गिऱ्हाईक आलं, दात बघितले, मग डोळ्याखालचा केसांचा भोवरा बघितला आणि निघून गेलं. डोळ्याखाली भोवरा म्हणजे आसवं ढाळणारी, घरात रडं आणणारी. ज्या खंडोबाची सगळ्या चित्रांत घोड्यावर स्वारी, त्याच्याच बाजारात हे चालतं. बरं, तोच भोवरा असलेली घोडी नवरदेवाला चालते, कारण नवरदेवाकडचे भोवरा बघत नाहीत, कलगी आणि झूल बघतात.

उन्हाळ्यातली कामं का नाकारली नाहीत, तर उचल. बॅण्डवाला दिवाळीतच पैसे देऊन ठेवतो, ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो तसेच, आणि मग सीझनभर बुकिंग तो घेणार, घोडी पाठवायची की नाही हे मालकाच्या हातात राहत नाही. आपल्याकडं परण्या, म्हणजे नवरदेवाची घोडीवरून मिरवणूक, निघते ती बाराच्या पुढच्या मुहूर्ताच्या आधी, मारुतीला जाऊन यायचं, मे महिन्यात, ४२-४३ डिग्रीत, डांबरावर, पुढं डीजे. एक परण्या करून घोडी दुसऱ्या गावाला पिकअपमध्ये. जखम झाली म्हणून चार दिवस आराम द्यायचा तर उचल फिटत नाही.

आता कायदा. ग्रुपवर सगळ्यांचं एकच, एफआयआर करा, आत टाका. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, त्याचं कलम ११. मारणं, जखमी असताना कामाला लावणं, पुरेसं खाणं-पाणी न देणं, उपाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं, सगळं त्यात गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे, आमच्या प्रकरणात यातली निदान तीन पोटकलमं सरळ लागत होती. पण शिक्षा वाचा. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत परत केलं तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. १९६० मधले ५० रुपये आज चहा-भज्यात जातात. आणि यातली बहुतेक पोटकलमं अदखलपात्र, म्हणजे पोलीस एनसी लिहून घेतात, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करता येत नाही. ठाण्यात आमची एनसी झाली, ती करून देणाऱ्या हवालदारांनी सरळच सांगितलं की साहेब हे एवढंच होतं. त्यांची चूक नाही, कायद्यातच तसं आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ दखलपात्र आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ते जनावर मारून टाकलं, विष घातलं, लुळंपांगळं किंवा निकामी केलं त्याला. उपाशी ठेवलेल्या घोडीला ते लावायला गेलो असतो तर कोर्टात टिकलं नसतं, असं आमच्या ओळखीच्या वकिलांचं मत पडलं, आणि मला ते बरोबर वाटलं.

मग त्या १९६० च्या कायद्याचा उपयोग काय, तर शिक्षेच्या कलमात शोधू नका, पुढं वाचा. कलम ३४: कॉन्स्टेबलच्या वरच्या दर्जाचा पोलीस, क्रूरता झाली असं वाटलं तर जनावर ताब्यात घेऊन डॉक्टरांकडं तपासणीला हजर करू शकतो. कलम ३५: मॅजिस्ट्रेट सांगू शकतात की जनावर बरं होईपर्यंत उपचाराच्या जागी ठेवा, आणि तिथला खर्च मालकाकडून. कलम २९: दोषी ठरला तर मालकीच काढून घेता येते. दंडाचे ५० रुपये कोणाला घाबरवत नाहीत, पण रोजच्या चाऱ्या-औषधाचं बिल आपल्या नावावर चढणार हे ऐकल्यावर माणूस बोलायला बसतो. मामांपेक्षा बॅण्डवाल्यावर त्याचा परिणाम जास्त झाला, कारण घोडी अडकली तर त्याची उचल बुडणार होती.

आणखी एक कागद फार कामाला आला, ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीचे १९६५ चे नियम. त्यात दिवसाला एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि तापमान ३७ डिग्रीच्या वर असेल तिथं दुपारी १२ ते ३ काम नाही. मराठवाड्यात मार्च संपता संपताच ३७ ओलांडतं, म्हणजे सगळा लग्नसराईचा दुपारचा परण्या ह्यात अडकतो. घोडीवर बसलेला नवरदेव हा ‘ओझं’ आहे का यावर वकील लोक वाद घालतील, घालू द्या. पण काट्याच्या लगामावर वाद नाही: हाकायला, बसायला, आवरायला, कशालाही टोकं-काटे असलेला लगाम किंवा साज वापरायचा नाही, असं नियम ८ मध्ये आहे. तो लगाम मामांच्या घरी खुंटीला तसाच होता, रक्ताचा डाग वाळलेला. फोटो काढला, पंचनाम्यात आला.

घोडी ठेवायची कुठं हा वेगळाच ताप. जवळच्या दोन गोशाळांनी नाही म्हणलं. एका ठिकाणी तर ‘गोमातेच्या शेजारी घोडी बसत नाही’ असं उत्तर मिळालं. दुसऱ्यांचं कारण मात्र खरं होतं: ग्लँडर्स. घोड्या-गाढवांचा हा जिवाणूचा रोग, माणसाला होतो आणि माणसाला जीवघेणा आहे. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, पायावर-अंगावर गाठी फुटणं ही लक्षणं, पण वरून ठणठणीत दिसणारं जनावर पण बाळगून असू शकतं. रक्ताचा नमुना तपासायचं काम हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या देखरेखीत चालतं, आणि पॉझिटिव्ह आलं तर उपचार करायची परवानगी नाही, २००९ च्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणं जनावर शांतपणे मारून पुरावं लागतं. म्हणून कुठल्याही बेवारस घोड्याच्या नाकातोंडाला उघड्या हातानं हात लावू नका, सेल्फी तर अजिबात नको. आमच्यातल्या एकाच्या मामाचा शेतात रिकामा गोठा होता, दुसरं जनावर जवळ नाही, तिथं ठेवलं आणि रिपोर्ट येईपर्यंत आत जाणारा माणूस एकच, हातमोजे घालून. रिपोर्ट निगेटिव्ह आला. सर्राची तपासणी पण केली, माश्या चावून पसरतो तो ताप, पावसाळ्यात जास्त. तीही निगेटिव्ह. धनुर्वाताचं इंजेक्शन पहिल्याच दिवशी दिलेलं, घोडा धनुर्वाताला फार नाजूक असतो, गंजक्या खिळ्यानं खुरात झालेलं भोक पण पुरतं. अळ्या टर्पेंटाइनचा बोळा लावून बाहेर काढल्या, डॉक्टरांच्या हातानंच, जखम धुऊन स्प्रे मारला.

खाण्याचं वेळापत्रक हा खरा उपचार होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात उपाशी घोड्यांवर काम झालेलं आहे, त्यात वाळलेला लसूणघास सगळ्यात सुरक्षित ठरला, कारण त्यात स्टार्च कमी, प्रथिनं चांगली आणि जे फॉस्फरस-मॅग्नेशियम कमी पडतं तेही त्यात आहे. आपल्याकडं दूधवाले शेतकरी लसूणघास लावतात, फक्त हिरवा कापून लगेच घालतात. आम्ही तो सावलीत वाळवला. पहिले तीन दिवस दर चार तासांनी साधारण अर्धा किलो, रात्रीसुद्धा, बस, ती कितीही हिनहिनली तरी जास्त नाही. तोंडात जखमा असल्यामुळं पाला चुरून पाण्यात भिजवून पातळ लगद्यासारखा दिला, चावायची गरजच नाही. चौथ्या दिवसापासून हळूहळू माप वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या, दहा दिवसांनंतर मोकळं. हरभरा, भरडा, गूळ, पेंड, काहीही नाही. गूळ घोड्याला ताकद देतो हे डोक्यात इतकं बसलेलं आहे की शेतातल्या सालगड्यानं एकदा चोरून खडा दिलाच, त्याच्या बायकोनंच येऊन सांगितलं. रात्रीचे दोन आणि पहाटेचे सहा हे फेरे आमच्यातल्या बीएस्सीच्या एका पोरीनं सांभाळले, तिची आई तिच्याबरोबर टॉर्च घेऊन यायची आणि सगळा वेळ कुरकुर करायची आणि लगद्याची बादली पण तीच ढवळायची.

जंताचं औषधही लगेच नाही दिलं. इतक्या अशक्त जनावरात जंत एकदम मेले तर आतड्याला त्रास होतो, म्हणून अंगात जरा दम आल्यावर, कमी ताकदीचं. दातांचंही तसंच, दाढा कानसायला गुंगी द्यावी लागते आणि गुंगी झेपायला हृदय धड पाहिजे. तीन-चार आठवड्यांनी गाडीत घालून परभणीला व्हेटरनरी कॉलेजला नेली. तोंडात आकडा अडकवून लांब दांड्याच्या कानशीनं डॉक्टरांनी एकेक दाढ घासली, पांढरी भुकटी खाली पडत होती, वीस-पंचवीस मिनिटांचं काम. चौदा वर्षांत एकदाही न झालेलं. त्या रात्री तिनं पहिल्यांदा कुट्टी केलेली हराळी नीट चावून खाल्ली, गव्हाणीखाली एकही गोळा नव्हता.

खुरांचं पण काम निघालं. खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो, दीड-दोन महिन्यांनी छाटावाच लागतो. हिची टाच वाढून आत वळलेली, तळव्याच्या मधला मऊ भाग सडून काळा. अडचण अशी की नालबंदच उरलेले नाहीत. आमच्या तालुक्यात एकही नाही, शेजारच्या तालुक्यातून एक म्हातारे येतात, बैलांना पत्र्या मारणं हा त्यांचा मूळ धंदा आणि तोही ट्रॅक्टरनं खाल्ला. २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू ३.४ लाख उरले होते, २०१२ पेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त घट. घोडे घटले म्हणजे घोड्यांचं दुःख घटलं असं लोक म्हणतात, मला उलटं दिसतं, घोडे कमी झाले की नालबंद, खोगीर शिवणारा, दात बघणारा जाणता माणूस आधी संपतो, आणि उरलेल्या घोड्यांच्या वाट्याला नुसता मालक आणि बॅण्ड राहतो.

दसऱ्यापर्यंत घोडी ओळखू येत नव्हती. दसऱ्याला घोड्याची पूजा असते म्हणून गावातल्या बायका कुंकू लावायला गोठ्यावर आल्या, ती मान वर करून उभी. आणि ह्याच आठवड्यात मामांनी ती परत मागितली, कारण तुळशीचं लग्न जवळ आलेलं, बॅण्डवाला मागं लागलेला.

इथं ग्रुपमध्ये फूट पडली. निम्मे म्हणत होते अजिबात द्यायची नाही, कोर्टात जाऊ, मालकी काढून घेऊ. त्यांचं चूक नव्हतं. पण कलम २९ दोषी ठरल्यावर लागतं, निकालाला किती वर्षं जातील कोणाला माहीत, तोवर घोडी कोणाच्या शेतात, रोजचा चारा कोणाचा? शिवाय मामांकडून काढून घेतली तर बॅण्डवाला दुसऱ्याला उचल देणार आणि माळेगावहून दुसरी घोडी येणार, तिच्या तोंडात तोच लगाम. तिला कोण बघणार? मी देण्याच्या बाजूनं होतो, अटी घालून.

पाचशेच्या बाँडवर लिहून घेतलं, डॉक्टरांच्या सर्टिफिकेटशिवाय काम नाही, काट्याचा लगाम नाही, फक्त मोहरकी, म्हणजे तोंडात सळई न जाणारा डोक्याचा साज, आणि जाड दोराचा कासरा, मार्च ते जून बारा ते तीन परण्या नाही, वर्षातून एकदा दात, दोन महिन्यांनी खूर. एनसी मागं घेतली नाही, ती तशीच ठेवली. मोडलं तर आम्ही मॅजिस्ट्रेटकडं जाणार, तेही लिहिलं. पण हे सगळं नुसतं कागदावर राहिलं असतं, चार महिन्यांच्या चाऱ्याचं काही ठरलं नसतं तर. त्यावर तोडगा मामांनीच सुचवला. ज्वारी निघाल्यावर फेब्रुवारी-मार्चला कडबा स्वस्त असतो, शेकड्याचा भाव पावसाळ्यात कुठल्या कुठं जातो, आणि मार्चपासूनच वरातीचे पैसे हातात यायला लागतात. तेव्हाच घेऊन कुट्टी करून पोत्यात भरून ठेवायचा. नुसत्या कडब्यावर घोडी धरत नाही, बरोबर हराळी आणि लसूणघास पाहिजे, त्यासाठी शेजारच्या दूधवाल्याशी महिन्याचं बांधून घेतलं. पैसे कोणाचे? दर वरातीच्या बिलात बॅण्डवाल्यानं ‘चारा’ म्हणून वेगळी ओळ टाकायची आणि ते पैसे मालकाच्या हातात न देता थेट कडबावाल्याला. बॅण्डवाला कुरकुरला, मग म्हणला की गिऱ्हाईकाकडूनच घ्यायचेत तर माझं काय जातंय. लग्नात फटाक्यावर जेवढे जाळतात त्याच्या पासंगालाही न लागणारी रक्कम आहे, एकाही नवरदेवाच्या बापानं वाद घातला नाही, एकानं तर ‘अजून लिहा’ म्हणून सांगितलं.

मामांचा मुलगा फोनवर म्हणायचा, मोहरकीवर घोडी आवरणार नाही, गर्दीत कोणाला तरी तुडवेल. तोंडात काही न घालता चालवायचं म्हणजे ती मुळात शांत पाहिजे आणि डीजेपासून लांब पाहिजे. म्हणून तिला आता डीजेच्या पुढं उभं करत नाहीत, संबळ-हलगी असलेल्या वरातींनाच पाठवतात. ती नाचत नाही. बुकिंग कमी झालं, निम्म्यावर आलं असं मामा सांगतात आणि त्यात त्यांचा आमच्यावर रागही आहे, तो ते लपवत नाहीत.

ह्या आषाढीला मामांच्या माळवदावर कुट्टीची पोती होती, मी स्वतः हात घालून बघितली, बुरशी नव्हती. गावातले बाकी दोन घोडीवाले बाँडला तयार झालेले नाहीत. त्यातल्या एकानं फक्त दात कानसून घेतले, तेही मामांनी ‘खाणं निम्म्यात भागतं’ असं सांगितल्यावर. दुसऱ्याच्या खुंटीला काट्याचा लगाम अजून आहे आणि त्याची उचल त्याच बॅण्डवाल्याकडं आहे, जो मामांच्या बिलात चाऱ्याची ओळ टाकतो आणि ह्याच्या बिलात टाकत नाही, कारण ह्यानं मागितली नाही. कलेक्टर ऑफिसच्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक समितीकडं आम्ही अर्ज दिलाय की तालुक्यातल्या सगळ्या घोड्यांचं साज आणि दात तपासणीचं शिबिर लग्नसराईच्या आधी, तुळशीच्या लग्नाच्या आतच ठेवा. अर्जाची पोच मिळाली आहे.